स्वादुपिंडाभोवतीचा द्रवसंचय : आम-पक्वविवेक आणि दुर्बिणीद्वारे निर्हरण

प्रस्तावना

भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या शहरात सामान्य चिकित्सा करणाऱ्या वैद्याकडे पोटदुखीचा रुग्ण आला नाही असा दिवस जात नाही. त्यांतील बहुतेक रुग्ण अजीर्ण, आम्लपित्त, कृमी किंवा मूत्राश्मरीचे असतात. मात्र अधूनमधून एखादा रुग्ण असा येतो की, ज्याचे मूळ दुखणे स्वादुपिंडाचे असते. तीव्र वेदनेच्या अवस्थेत तो रुग्णालयात जातो, तेथून बरा होऊन घरी येतो आणि महिना-दीड महिन्याने पोटाच्या वरच्या भागात फुगवटा घेऊन आपल्यासमोर बसतो. हा फुगवटा काय आहे, त्यातील द्रव काढावा की काढू नये, काढावयाचा तर केव्हा व कोणत्या मार्गाने, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

दुर्बिणीद्वारे हा द्रव काढण्याचे कर्म आपले नव्हे. ते पचनसंस्थाविकार तज्ज्ञांचे आहे. मग वैद्याने ते का अभ्यासावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर सरळ आहे. रुग्ण त्या कर्मापूर्वी आपल्याकडे येतो आणि त्यानंतरही आपल्याकडेच येतो. या दोन्ही वेळी आपण अज्ञानी राहिलो तर त्याचे मोल रुग्णाला द्यावे लागते. माझ्याकडून झालेली अशी एक चूक या लेखात पुढे नोंदविली आहे.

शारीर विचार

स्वादुपिंड हा अवयव जठराच्या मागे, पृष्ठवंशाच्या पुढे आडवा पसरलेला असतो. त्याचा शीर्षभाग ग्रहणीच्या वळणात बसलेला असून पुच्छभाग प्लीहेपर्यंत पोहोचतो. वेदना पाठीत जाते व रुग्णाला पुढे वाकून बसल्यावर किंचित बरे वाटते, ते या रचनेमुळेच. जठराची मागची भिंत या अवयवाच्या अगदी समोर असते, ही गोष्ट वाचकांनी विशेष लक्षात ठेवावी. पुढे वर्णन केलेली संपूर्ण चिकित्सा या एका शारीर वस्तुस्थितीवर उभी आहे.

संहितांतील ‘क्लोम’ म्हणजे स्वादुपिंड काय, हा वाद जुना आहे. कोणी क्लोम म्हणजे पित्ताशय मानतात, कोणी श्वासनलिका, तर कोणी स्वादुपिंड. चरकांनी क्लोम हे उदकवह स्रोतसाचे मूळ सांगितले आहे, आणि अंतर्विद्रधीच्या स्थानांत चरक व सुश्रुत दोघांनीही क्लोमाची गणना करून तेथील विद्रधीत पिपासा हे लक्षण दिले आहे. या वादाचा निर्णय येथे करण्याचे प्रयोजन नाही. आपल्याला उपयोगी पडणारे सूत्र अवयवाच्या नावात नसून विद्रधीच्या अवस्थाविचारात आहे.

संचयाची उत्पत्ती व प्रकार

तीव्र स्वादुपिंडशोथाची दोन प्रमुख कारणे म्हणजे पित्ताश्मरी व मद्य. याशिवाय रक्तातील ट्रायग्लिसराइड अतिशय वाढणे, काही औषधे आणि पोटावरील आघात ही कारणेही आढळतात. पाचक स्राव ग्रहणीत पोहोचण्यापूर्वीच, स्वादुपिंडातच, कार्यरत होतात व अवयव स्वतःचेच पचन करू लागतो. बहुसंख्य रुग्णांत हा शोथ सौम्य असतो व थोड्याच दिवसांत शमतो. काही रुग्णांत मात्र स्वादुपिंडाचा वा भोवतालच्या मेदाचा भाग मृत होतो. या मृत धातूस आपण कोथ म्हणू.

या शोथानंतर जमणाऱ्या द्रवाचे वर्गीकरण अटलांटा येथील १९९२ च्या परिषदेत झाले. पुढे २०१२ मध्ये त्यात सुधारणा करण्यात आली. सुधारित वर्गीकरण दोन प्रश्नांवर आधारलेले आहे : शोथ सुरू होऊन चार आठवडे झाले आहेत काय, आणि संचयात केवळ द्रव आहे की कोथही आहे?

१) चार आठवड्यांच्या आतील, कोथविरहित द्रवसंचय. यास स्वतःची भिंत नसते. बहुतेक वेळा तो आपोआप शोषला जातो.

२) चार आठवड्यांनंतरही टिकून राहिलेला, सभोवार भिंत तयार झालेला केवळ द्रवाचा संचय. यास स्यूडोसिस्ट म्हणतात.

३) चार आठवड्यांच्या आतील, द्रव व कोथ यांचा मिश्र संचय. भिंत अपुरी असते.

४) चार आठवड्यांनंतर पक्की भिंत धरलेला, द्रव व कोथयुक्त संचय. यास वॉल्ड-ऑफ नेक्रोसिस म्हणतात.

दुसरा व चौथा प्रकार सीटी स्कॅनमध्ये पुष्कळदा सारखेच दिसतात, कारण द्रवात तरंगणारे कोथाचे तुकडे त्यात स्पष्ट उमटत नाहीत. एमआरआय किंवा दुर्बिणीतून केलेली सोनोग्राफी यांत ते चांगले दिसतात. हा भेद महत्त्वाचा आहे. द्रव नळीतून वाहून जातो. घट्ट कोथ जात नाही.

आम-पक्वविवेक

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सतराव्या अध्यायात व्रणशोथाच्या आम, पच्यमान व पक्व या तीन अवस्था सांगितल्या आहेत. आम शोथावर शस्त्र चालविणारा आणि पक्व शोथाची उपेक्षा करणारा, या दोघांनाही आचार्यांनी एकाच कठोर शब्दात निंदिले आहे. अर्वाचीन शल्यशास्त्राने स्वादुपिंडाच्या बाबतीत जो धडा अनेक दशकांच्या अनुभवानंतर घेतला, त्याचा आशय हाच आहे.

पूर्वी कोथ झालेल्या रुग्णाचे उदर लवकर उघडून मृत भाग काढण्याची प्रथा होती. पच्यमान अवस्थेत मृत व जिवंत धातूंची सीमा स्पष्ट नसते. त्यामुळे रक्तस्राव होई व अनेक रुग्ण दगावत. नेदरलँड्समधील तज्ज्ञांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ८८ रुग्णांची तुलना केली. एका गटात थेट शस्त्रकर्म केले. दुसऱ्या गटात प्रथम केवळ नळीने निचरा केला व आवश्यकता भासली तरच पुढची पायरी चढली. गंभीर उपद्रव किंवा मृत्यू यांचे प्रमाण पहिल्या गटात ६९ टक्के, तर दुसऱ्यात ४० टक्के होते. दुसऱ्या गटातील ३५ टक्के रुग्णांना नळीखेरीज दुसरे काहीच लागले नाही.

त्याच देशातील २०२१ च्या अभ्यासात आणखी पुढचा प्रश्न विचारला गेला. कोथात संसर्ग झाल्याचे निश्चित झाल्यावर लगेच निचरा करावा, की प्रतिजैविके देऊन भिंत पक्व होईपर्यंत थांबावे? लगेच निचरा करण्याने लाभ दिसला नाही. थांबलेल्या गटातील ३९ टक्के रुग्णांना तर निचऱ्याची गरजच पडली नाही. अर्थात हे थांबणे रुग्णालयातील देखरेखीखालचे होते, घरी काढे घेत बसण्याचे नव्हते, हे विसरू नये.

निचरा कोणास आवश्यक

भिंत पक्व झाली म्हणजे प्रत्येक संचय काढलाच पाहिजे असे नाही. सहा सेंटिमीटरहून मोठा व सहा आठवड्यांहून जुना असेल तर काढावा, असा एक जुना नियम होता. आता केवळ आकारावरून निर्णय घेत नाहीत. लक्षणरहित संचय ठरावीक अंतराने सोनोग्राफी करून पाहत राहता येतो. निचऱ्याची कारणे पुढीलप्रमाणे आहेत : ज्वर व संसर्ग, न थांबणारी वेदना, जठराचा वा ग्रहणीचा मार्ग दाबला गेल्याने होणारी छर्दी व अन्न न जाणे, पित्तनलिका दाबली गेल्याने होणारी कामला आणि सतत वाढत जाणारा आकार.

कर्मापूर्वी दोन गोष्टींची खात्री करतात. पहिली, हा संचय खरोखर शोथानंतरचाच आहे काय? पूर्वी स्वादुपिंडशोथाचा इतिहास नसलेल्या रुग्णात, विशेषतः मध्यमवयीन स्त्रीत, द्रवाची पिशवी ही अर्बुदाचा प्रकार असू शकते. तिचा निचरा करणे ही चूक ठरते. दुसरी, संचयाच्या भिंतीत रक्तवाहिनीचा फुगवटा नाही ना? तो असल्यास निचरा करताच प्राणघातक रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून रक्तवाहिन्या दाखविणारे औषध टोचून सीटी स्कॅन केला जातो.

दुर्बिणीद्वारे निर्हरण : कर्माचे स्वरूप

जठरातून सुई घालून असा द्रव काढण्याचा प्रयोग १९७५ साली नोंदविला गेला. परंतु नुसता द्रव काढला तर तो पुन्हा भरतो. त्यासाठी मार्ग उघडा राहिला पाहिजे. १९९२ पासून दुर्बिणीच्या टोकावरील सोनोग्राफीच्या साहाय्याने हे कर्म होऊ लागले आणि ते अधिक सुरक्षित झाले.

कर्म रुग्णास भूल देऊन करतात. तोंडावाटे दुर्बीण जठरात नेऊन, तिच्या टोकाशी असलेल्या ध्वनियंत्राने जठराच्या भिंतीपलीकडील संचय पाहिला जातो. दोन्ही भिंती एकमेकींना लागून आहेत, त्यांतील अंतर साधारण एक सेंटिमीटरच्या आत आहे आणि मध्ये रक्तवाहिनी नाही, हे पाहून सुई टोचतात. द्रवाचा नमुना तपासणीस घेऊन सुईतून तार सरकवितात, मार्ग रुंद करतात व त्यात स्टेंट, म्हणजे दोन्ही तोंडे उघडी असलेली नळी, बसवितात. तिचे एक तोंड संचयात व दुसरे जठरात राहते. द्रव जठरात उतरतो व अन्नमार्गाने निघून जातो. शरीरावर बाहेरून छेद नसतो.

नळ्या दोन प्रकारच्या असतात. प्लॅस्टिकच्या नळ्यांची दोन्ही टोके सरकू नयेत म्हणून वळविलेली असतात. धातूची नळी जाळीची, आवरण असलेली व डमरूच्या आकाराची असून तिची रुंद टोके दोन्ही भिंतींना एकत्र धरून ठेवतात. तिचा व्यास १० ते २० मिलिमीटर असतो. म्हणून घट्ट द्रव तिच्यातून उतरतो व गरज पडल्यास दुर्बीण थेट पोकळीत नेऊन कोथही काढता येतो.

येथे सुश्रुतांच्या चिकित्सास्थानातील चौदाव्या अध्यायाची आठवण होते. जलोदरात वेधन केल्यावर धातूची, दोन तोंडांची नाडी घालून जल काढावे, आणि सर्व जल एकाच दिवशी न काढता अंतराअंतराने काढावे, असे तेथे सांगितले आहे. ‘हे सर्व आमच्याकडे होतेच’ असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. व्याधी वेगळा, स्थान वेगळे, साधने वेगळी. परंतु दोन तोंडांची नाडी व टप्प्याटप्प्याने निर्हरण हे तत्त्व आपल्या विद्यार्थ्यास परके वाटू नये, एवढेच सुचवावयाचे आहे.

फलश्रुती

स्यूडोसिस्टच्या ४० रुग्णांवरील अमेरिकेतील अभ्यासात, २०१३ साली, दुर्बिणीद्वारे निचरा झालेल्यांचा रुग्णालयातील मुक्काम २ दिवसांचा, तर शस्त्रकर्म झालेल्यांचा ६ दिवसांचा आढळला. संसर्गयुक्त कोथाच्या ९८ रुग्णांवरील नेदरलँड्सचा २०१८ चा अभ्यास अधिक बोलका आहे. गंभीर उपद्रव व मृत्यू यांत दुर्बीण व शस्त्रकर्म यांच्यात फरक नव्हता. परंतु स्वादुपिंडाचा नाडीव्रण दुर्बिणीच्या गटात ५ टक्के, तर शस्त्रकर्माच्या गटात ३२ टक्के रुग्णांत झाला.

आपल्या देशातही या विषयात मोलाचे काम झाले आहे. हैदराबाद येथील एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजी या संस्थेने २०१७ साली दोनशेहून अधिक रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांतील सुमारे तीन-चतुर्थांश रुग्ण केवळ धातूच्या नळीने बरे झाले. कोथ खरवडून काढण्याची वेळ आली नाही. मुंबईत डॉ. अमित मायदेव यांच्यासारख्या दुर्बीणतज्ज्ञांनी हे शास्त्र रुजविले. त्यांना २०१३ साली पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

उपद्रव

रक्तस्राव, भिंतीस छिद्र पडणे, नळी सरकणे, नळी अडून पोकळीत संसर्ग होणे हे उपद्रव संभवतात. धातूच्या नळीविषयी एक गोष्ट ठळकपणे सांगावीशी वाटते. संचय रिकामा झाला की पोकळी आक्रसते, आणि नळीचे आतील टोक पोकळीच्या मागील भिंतीवर, तेथील रक्तवाहिन्यांवर घासू लागते. अमेरिकेतील २०१९ च्या तुलनात्मक अभ्यासात नळीमुळे होणारे उपद्रव धातूच्या नळीत ३२ टक्के, तर प्लॅस्टिकच्या नळीत ७ टक्के आढळले. म्हणून तीन आठवड्यांनी सीटी स्कॅन करून, पोकळी आटली असल्यास चौथ्या आठवड्याच्या सुमारास धातूची नळी काढून टाकण्याची पद्धत पडली आहे. प्लॅस्टिकच्या नळ्या काही रुग्णांत, विशेषतः स्वादुपिंडाची मुख्य नलिका तुटलेली असल्यास, तज्ज्ञ हेतुपुरस्सर दीर्घकाळ ठेवतात. कोणती नळी केव्हा काढावयाची, हा निर्णय सर्वस्वी तज्ज्ञाचा. रुग्णाला तो दिवस माहीत आहे ना, हे पाहणे मात्र आपल्याही हाती आहे.

रुग्णानुभव

काही वर्षांपूर्वी यंत्रमाग कारखान्यातील एक अडतीस वर्षांचा कामगार माझ्याकडे आला. मद्यपानाचा इतिहास होता. सहा आठवड्यांपूर्वी तीव्र पोटदुखीसाठी तो दहा दिवस रुग्णालयात होता; परंतु कागद त्याने खोलीवर ठेवले होते. दोन घास खाल्ले की पोट भरे, उलटी होई. आमाशयप्रदेशी हाताला गोलसर, ताणलेला उत्सेध लागला. मी त्याचे निदान गुल्म असे केले व आठ दिवस दीपन-पाचन, वातानुलोमन चिकित्सा दिली. कागद आणण्यास सांगितले, पण आग्रह धरला नाही. सोनोग्राफीही करविली नाही.

नवव्या दिवशी तो थंडी वाजून ताप घेऊन आला. गुल्म पाकास जात नाही व विद्रधी पाकास जातो, हा सुश्रुतोक्त भेद मी विद्यार्थ्यांना अनेकदा शिकविला आहे. स्वतःच्या रुग्णाच्या पोटावर हात ठेवताना मात्र तो मला आठवला नाही. त्याच दिवशी त्यास मुंबईस पाठविले. संचयात संसर्ग झाला होता. दुर्बिणीद्वारे धातूची नळी बसविली गेली, ताप उतरला व तो चालत घरी आला. माझे आठ दिवस भरून निघाले, असे मला वाटले.

परंतु कथा येथे संपली नाही. चार आठवड्यांनी नळी काढण्यास बोलाविले होते. कामगाराचे म्हणणे असे, की एक दिवस गेला की त्या दिवसाचा रोज गेला. शिवाय दुखत काहीच नाही. पुढे लग्नासाठी तो गावी गेला. त्या काळात तो माझ्याकडे खोकल्यासाठी येऊन गेला होता, आणि मीही नळीविषयी विचारले नाही. अडीच महिन्यांनी तो डांबरासारखे काळे मल व चक्कर घेऊन आला. रक्त चढवावे लागले, रक्तवाहिनी बंद करण्याचे कर्म करावे लागले, मग नळी निघाली. तो वाचला. वाचला नसता तर त्या मृत्यूचे कारण कोणते लिहिले गेले असते, हा प्रश्न मी स्वतःला आजही विचारतो. दुर्बिणीचे कर्म यशस्वी झाले होते. मधल्या अडीच महिन्यांत त्याला विचारणारे कोणी नव्हते.

वैद्याची कर्तव्ये

१) पोटाच्या वरच्या भागात तीव्र, पाठीत जाणारी वेदना व छर्दी असेल तर आम्लपित्त म्हणून थांबू नये. विरेचन, वमन, बस्ती देऊ नयेत. लायपेज व अमायलेजची तपासणी होईल अशा ठिकाणी त्याच दिवशी पाठवावे. ही मूल्ये कमाल मर्यादेच्या तिपटीहून अधिक असणे निदानास पुष्टी देते.

२) स्वादुपिंडशोथ होऊन गेलेल्या रुग्णात पोटाचा उत्सेध, लवकर पोट भरणे, ज्वर, कामला किंवा काळे मल आढळल्यास कागद पाहिल्याशिवाय औषध लिहू नये. उत्सेधावर मर्दन, स्वेदन किंवा दाब देणारा कोणताही उपक्रम करू नये.

३) भिवंडीत इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय प्राथमिक उपचारास जवळ आहे. पुढील चिकित्सेसाठी मुंबईतील केईएम, नायर व शीव येथील लोकमान्य टिळक या महापालिका रुग्णालयांत पचनसंस्थाविकार विभाग आहेत. खर्चाच्या भीतीने रुग्ण घरी बसतो. म्हणून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणते कर्म बसते, हे आरोग्यमित्राकडे विचारण्यास सांगावे.

४) नळी असलेल्या रुग्णास छातीत जळजळ झाली तरी आपण होऊन शंखभस्मादी क्षारीय औषधे सुरू करू नयेत. कोथ विरघळण्यास जठरातील आम्लाची मदत होते, या विचाराने काही तज्ज्ञ या काळात आम्लनाशक औषधे मुद्दाम थांबवितात. प्रथम त्यांना विचारावे.

५) निचऱ्यानंतर अग्नी मंद असतो. तज्ज्ञांच्या आहारसूचनांशी जुळवून पेया, विलेपी, मुद्गयूष असा क्रम उपयुक्त ठरतो. मल तेलकट व चिकट असल्यास पाचक स्रावांच्या कॅप्सूल चालू असतील. त्या बंद करू नयेत. रक्तशर्करा तपासत राहावी, कारण पुढे मधुमेह होऊ शकतो.

६) मद्य संपूर्ण वर्ज्य. पित्ताश्मरी हे कारण असेल तर पित्ताशयाच्या शस्त्रकर्माची तारीख पुढे ढकलू देऊ नये. हेतू कायम राहिला तर व्याधी पुन्हा येतो. निदानपरिवर्जन ही पहिली चिकित्सा आहे.

७) माझ्या टेबलावर आता एक साधी वही असते. शरीरात तात्पुरती नळी असलेल्या प्रत्येक रुग्णाचे नाव, दूरध्वनी, नळीचा प्रकार व ती काढण्याचा दिनांक तीत लिहिला जातो. मूत्रमार्गातील नळ्यांनाही तोच नियम. दर सोमवारी वही उघडून ज्यांची तारीख जवळ आली त्यांना दूरध्वनी करतो. यास खर्च काहीच येत नाही. प्रत्येक सभासदाने अशी वही ठेवावी, अशी माझी नम्र सूचना आहे.

उपसंहार

स्वादुपिंडाभोवतीच्या संचयाची चिकित्सा तीन निर्णयांवर उभी आहे : आम अवस्थेत घाई न करणे, पक्व व लक्षणयुक्त संचयाची उपेक्षा न करणे आणि काम झालेली नळी वेळेवर काढणे. पहिले दोन निर्णय आपल्या आचार्यांनी व्रणशोथाच्या संदर्भात सांगून ठेवले आहेत. तिसरा नव्या साधनाबरोबर आला आहे. कर्म करणारा हात तज्ज्ञाचा असला तरी रुग्णाच्या पोटावर पहिला हात पुष्कळदा वैद्याचा असतो, आणि कर्मानंतर महिनाभराने खोकल्या-तापासाठी तो भेटतो तोही वैद्यालाच. त्या भेटीत ‘नळी केव्हा काढावयाची आहे?’ एवढे विचारावे.

इत्यलम्.